डोळे मिटा म्हटलं की

पहिल्या दिवशी ध्यान शिकवताना मी पोरांवर ओरडलो होतो. खोटं कशाला सांगू.

जून २०१७. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, सतरंजीवर तिसरी ते पाचवीची छत्तीस पोरं, टेबलावर मी पदरच्या पैशानं आणलेला ब्लूटूथ स्पीकर. त्यातून संथ आवाज यायला लागला: श्वास आत येतोय, बाहेर जातोय, नुसतं जाणत राहा. पावसाळ्याचे दिवस, निम्मी नाकं वाहणारी. एकाच्या नाकपुडीतून बारीक शिट्टी वाजली. शेजारचा फिस्सकन हसला, मग त्याच्या शेजारचा, आणि खळ्यावरची पाखरं उठावीत तसं हसू या टोकापासून त्या टोकापर्यंत उठत गेलं. मी डस्टर टेबलावर आपटला. "गप! ध्यान करा म्हणलं ना!"

गप्प झाली. पाठी ताठ, डोळे घट्ट. त्या वेळी केंद्रप्रमुख आले असते तर शेरेबुकात छान शेरा लिहून गेले असते. मीही खूश होतो. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या हे मला दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लागायला बरीच वर्षं जायची होती.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन शिक्षकी शाळा, पाचवीपर्यंत. गाव ऊसतोड मजुरांचं. दसरा-दिवाळीच्या मागंपुढं टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात, आणि परततात ते मार्च-एप्रिलात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत ती पोरं गावात राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असतं. नाव वसतिगृह, पण आमच्याकडं पोरं तिथं दोन वेळ जेवतात आणि झोपायला आजीकडं जातात.

आणि मी मारकुटा मास्तर होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलांना मारायला बंदी आहे, हे मला पाठ होतं. एका प्रशिक्षणात मीच ते कलम इतरांना वाचून दाखवलं होतं. तरी हातात रूळ असायचाच. २०१६ च्या सप्टेंबरात एका सकाळी फळ्यावर तारीख लिहायला म्हणून खडू घेऊन हात वर केला, तर पहिल्या रांगेतल्या पोरानं चटकन दप्तर डोक्यावर धरलं. मी त्याच्याकडं बघतही नव्हतो. मग त्यालाच लाज वाटली. दप्तर खाली घेऊन त्यातनं उगाच एक वही काढली आणि पानं चाळत बसला.

आमच्या केंद्रातले एक वयस्क शिक्षक इगतपुरीच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलेले होते. त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "दहा दिवस तोंड बंद ठेवून बघा. हाताचं नंतर बघू." राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजा मिळायची सोय आहे. पण रजेचा अर्ज टेबलावरून टेबलावर सरकवणं ही वेगळीच तपश्चर्या, म्हणून मी दिवाळीची सुट्टी धरली.

इगतपुरीच्या या केंद्रात, धम्मगिरीत, १९७६ पासून शिबिरं चालतात. फी नाही. आधी बसून गेलेल्यांच्या दानावर पुढच्यांचं जेवण. दारात फोन जमा केला आणि अर्धा तास खिसा चाचपत राहिलो. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या माणसाला चहा, मुरमुरे आणि एखादं फळ. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, वही-पेनही नाही. पहिले तीन दिवस काम एकच. नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जी बोटभर जागा आहे, तिथं श्वास येताना-जाताना काय होतं ते बघायचं. मंत्र नाही, देवाचं रूप नाही, श्वास मोजायचेही नाहीत. याला आनापान म्हणतात. विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना नुसत्या बघत राहणं, चौथ्या दिवसापासून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पळून जायच्या बेतात होतो. गुडघ्यांचं सोडा, डोक्यात सगळा वेळ मी कुणाला ना कुणाला तरी झापत होतो. बायकोला, केंद्रप्रमुखांना, बसच्या कंडक्टरला. मग मी सातवीत असताना मला मुस्काटात मारणारा आमचा मास्तर आला आणि तीन तास हललाच नाही. त्याचा वर गेलेला हात, त्यातली पितळी अंगठी, आणि माझं खांद्यावरचं दप्तर. दप्तर कुठलं, युरियाच्या गोणीची आईनं शिवलेली पिशवी होती ती. वीस-बावीस वर्षांत ती पिशवी एकदाही आठवली नव्हती.

दहाव्या दिवशी मौन सुटतं, आणि तेव्हा मंगल मैत्री शिकवतात. आपल्या मनात जे काही बरं साठलं असेल ते सगळ्यांना वाटायचं, सगळ्यांचं भलं चिंतायचं. मी ओळखीची सगळी माणसं घेतली, दप्तर डोक्यावर धरणारा तो पोरगाही घेतला. मास्तरपाशी येऊन अडलो. आजही तिथं अडतोच.

घरी आल्यावर आठ दिवस मी फार गोड वागलो. बायको म्हणाली, "हे किती दिवस टिकणार ते सांगा, म्हणजे तसं धरून चालते." पंधराव्या दिवशी रूळ परत हातात होता. फरक पडला तो एवढाच, की हात वर जायला लागला की आता मला ते कळायचं. आधी उजवा खांदा तापतो, मग जबडा आवळतो, मग हात उठतो. या कळण्यानं हात कधी थांबायचा, कधी नाही. त्या वर्षाचा हिशोब मांडायला बसलो तर जमेपेक्षा नावेच जास्त निघेल.

शाळांत आनापान नेणारा 'मित्र उपक्रम' त्या आधीपासूनच चालू होता. विपश्यना विशोधन विन्यास ही विपश्यनेवर काम करणारी संस्था आणि राज्याचा शालेय शिक्षण विभाग यांचा तो मिळून केलेला कार्यक्रम. त्याची पद्धत साधी आहे. मुलांना आधी सत्तर मिनिटांचं एक सत्र द्यायचं, आणि मग रोज शाळा भरताना दहा मिनिटं नि सुटताना दहा मिनिटं. सोबत शिक्षकानंही बसायचं. यातली शेवटची गोष्ट मी सोयीनं विसरलो. पोरं डोळे मिटून बसली की मी रांगांमधून फिरायचो, कोण डोळे उघडतंय ते बघायचो. ते झालं की राहिलेल्या पाच-सहा मिनिटांत फोनवर पोषण आहाराचे आकडे भरून टाकायचो. दहा मिनिटं गुमान बसलेला वर्ग म्हणजे मास्तरला लॉटरीच की.

चौथीतल्या एकानं मला पकडलं.

"सर, तुम्ही कामून डोळे मिटत न्हाई?"

"मी तुमच्यावर लक्ष ठेवतोय."

"मंग आमीबी तुमच्यावर ठिवतो की."

दुसऱ्या दिवसापासून निम्मा वर्ग एक डोळा उघडा ठेवून बसायला लागला. तेव्हा मग मी खुर्ची बाजूला सारली आणि पोरांसमोर सतरंजीवर मांडी घातली. डोळे मिटले आणि घाबरलोच. समोर छत्तीस पोरं, आणि मला एकही दिसत नाही! कोण कुणाला चिमटा काढतंय, कोण खिडकीतून उडी मारतंय, दारात कोण येऊन उभं राहिलंय. चौदा वर्षांच्या नोकरीत मी वर्गासमोर असा कधी डोळे मिटून बसलो नव्हतो. त्या दिवशी तीन मिनिटांत डोळे उघडले. कुणीही खिडकीतून उडी मारलेली नव्हती. दोघं एकमेकांच्या अंगठ्याशी खेळत होते, बस्स.

हसण्याचा प्रश्न त्यानंतर सुटला. "हसू आलं तर हसा," असं सांगून टाकलं, "फक्त हसताना श्वास कुठं जातो ते बघा." चार दिवस सगळे मुद्दाम हसले. कुणी म्हणालं पोटात जातो, कुणी म्हणालं कानात जातो. पाचव्या दिवशी हसण्याची हौस फिटली.

शाळा बंद होत्या त्या काळात एका ऑनलाइन प्रशिक्षणात माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडं जाणून लक्ष देणं, हा शब्द पहिल्यांदा नीट समजावून सांगितला गेला. अमेरिकेत जॉन कबाट-झिन नावाच्या गृहस्थांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांच्या रोग्यांसाठी काही आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला. ध्यान, पण धर्माचं वेष्टन काढून. त्यात एक बेदाणा हातात देतात. तो बघायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा, सावकाश खायचा. आमच्याकडं बेदाणा दिसतो तो लग्नातल्या शिऱ्यात. शाळा परत सुरू झाल्यावर मी खिचडीच्या मावशींकडून ओंजळभर शेंगदाणे घेतले आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवला.

एकानं ठेवल्या ठेवल्या गिळला आणि दुसरा मागितला. पण बाकीच्यांनी काय काय पाहिलं! सालाला बारीक शिरा असतात. दाण्याला एका टोकाला नाक असतं. तोंडात ठेवला की साल टाळूला चिकटतं. एक पोरगी म्हणाली, "सर, पयलं कडू लागलं, मंग गोड." तिचं घर भुईमूग करतं, लहानपणापासून पोरगी शेंगदाणे खाते, आणि हे तिनं त्या दिवशी पाहिलं. मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "एक एक दाना असा खायला लागले तर माझी खिचडी दिवाळीपोतर पुरंल."

आता जिच्यासाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडं येतो. मधली दोन पानं मी बहुतेक तिला टाळायलाच लिहिली.

२०२२ च्या नोव्हेंबरात ती तिसरीत होती. जूनपासून छान बसायची. टोळ्या गेल्यानंतरच्या आठवड्यात ती डोळे मिटेना. सगळा वर्ग डोळे मिटून बसलेला, आणि ही टक लावून दाराकडं बघत. मी सांगितलं, "मिट बाळा डोळे." मिटायची आणि दोन सेकंदांत दचकून उघडायची. असं दोन आठवडे चाललं. एकदा मी तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि तिच्या डोळ्यांवर अलगद तळहात ठेवला. माझ्या मनात मायाच होती. तिनं माझं मनगट दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं आणि उठून बाहेर पळाली, थेट हातपंपापर्यंत.

त्या संध्याकाळी मी तिच्या आजीकडं गेलो. आजी चुलीपुढं भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं. "पोरगी लई रडती, टॅक्टरच्या मागं पळती. म्हनून औंदा ती निजल्यावर निघाले. पहाटं तीनला. सकाळी उठली तर हातरून रिकामं. तवापासून रातचीबी डोळा लावत न्हाई. मला म्हनती, आजे, डोळा लागला का मान्सं जात्यात."

मी तिथं चहा घेतला की नाही, काय बोललो, काही आठवत नाही. परत येताना मात्र एकच हिशोब चालू होता: दोन आठवडे, रोज दोन वेळा. मी तिला वीस-एक वेळा तरी सांगितलं असेल, डोळे मिट.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांनाच सांगितलं, की ज्याला मिटायचेत त्यानं मिटा, ज्याला नाही त्यानं उघडे ठेवा. उघडे ठेवणाऱ्यानं बघायला काहीतरी एक निवडा. बाहेरचा लिंब, नाही तर खांबावरची भेग. श्वास सापडत नसेल तर तळहात फरशीला टेकवा, गार लागतं का बघा. विपश्यनेच्या जुन्या साधकांना हे पटत नाही. आमच्या त्या वयस्क शिक्षकांनीही नाक मुरडलं. आनापानात भेसळ नको, म्हणाले. त्यांचं म्हणणं मला कळतं. पण त्यांच्या वर्गात हातपंपापर्यंत पळालेली पोरगी नव्हती. तिनं लिंब निवडला नाही. ती दाराकडंच बघत राहिली. बघू दिलं.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला होता, तो मी पुढं फोनवर भाषांतर करून, अडखळत वाचला. त्याचं नाव मिरियड. ऐंशीहून जास्त शाळा, ११ ते १४ वयाची ८,००० हून जास्त मुलं. निम्म्या शाळांत माइंडफुलनेसचे तास, निम्म्यांत नेहमीचे भावनिक-सामाजिक शिक्षणाचे तास. निकाल असा, की मुलांच्या मानसिक आरोग्यात या तासांनी नेहमीपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. ज्या मुलांना आधीच त्रास आहे, त्यांच्यासाठी हे कदाचित बरोबर नसेल, अशी शंकाही संशोधकांनी मांडली. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. फायदा दिसला तो शिक्षकांत: त्यांचा थकवा-वैताग कमी झाला, शाळेतलं वातावरण थोडं बरं झालं, तेही वर्षभरात ओसरत गेलं.

हे वाचून निराश व्हायला हवं होतं. मला हसू आलं. आमच्या शाळेत तरी दुसरं काय झालं होतं? पोरं आधीही पोरंच होती, आताही पोरंच आहेत. दहा मिनिटं झाली की उठून एकमेकांना ढकलतात. रूळ तेवढा कपाटात गेला. तोही एका दिवसात नाही. २०१८ च्या कुठल्यातरी महिन्यात कधी तरी शेवटचा काढला असेल, मला आठवतही नाही. ज्या पोरानं दप्तर डोक्यावर धरलं होतं त्याला आठवत असेल. तो आता ट्रॅक्टर चालवतो. भेटला की नमस्कार करतो, मी खांद्यावर हात ठेवायला गेलो की अजून किंचित मान आत घेतो.

करुणा शिकवायची म्हणजे त्याहून अवघड काम. दहा मिनिटांतलं शेवटचं मिनिट आम्ही मैत्रीचं ठेवतो. आईचं भलं होवो, बापाचं, आजीचं, बैलांचं, शेजारणीच्या कुत्र्याचं. पोरांना हे आवडतं, यादी लांबत जाते. एकदा पाचवीतल्या एकानं विचारलं, "सर, मुकादमाचंबी म्हनायचं का?"

वर्ग एकदम शांत. निम्म्या घरांवर त्याच मुकादमाची उचल.

मी पुस्तकी उत्तर द्यायला तोंड उघडलं, की सगळ्यांचंच म्हणायचं असतं, आणि मला पितळी अंगठी आठवली. मी म्हणालो, "तुला म्हणावंसं वाटतं का?"

"न्हाई."

"मग नको म्हणू."

"आन म्हनलं तर उचल फिटंल का?"

"नाही. उचल पैशानंच फिटते."

तो विचार करून म्हणाला, "मंग त्याच्या पोराचं म्हनतो. त्यो आमच्यात खेळतो."

मला वाटतं, मी गेल्या आठ वर्षांत दिलेली सगळी उत्तरं तोलली तर "उचल पैशानंच फिटते" हे त्यातलं सगळ्यात खरं असेल. मुकादमाशी हिशोब घालायला लागणारं गणित मी त्या महिन्यात पाचवीला मुद्दाम जास्त घेतलं. टनाचा दर, गाड्यांची संख्या, मुकादमाचं कमिशन, उचलीतून वजा किती. पोरांनी आपापल्या घरचे आकडे आणले. त्या तासाला ध्यानापेक्षा जास्त शांतता होती.

गावात कुरबुर झालीच. ध्यान म्हटलं की हे कुणाचं, कुठल्या धर्माचं, कुठल्या लोकांचं, हा प्रश्न आमच्याकडं पहिल्या दहा वाक्यांत येतो. बुद्धाचं नाव निघालं की काही कपाळांवर आठ्या पडतात, आणि त्या आठ्या कुठल्या आळीतल्या आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. एक पालक म्हणाले, त्यापेक्षा हरिपाठ घ्या. मी त्यांना सकाळी बसायला बोलावलं. आले, दहा मिनिटं बसले, आठव्या मिनिटाला घोरायला लागले, पोरांनी अजिबात आवाज न करता त्यांना झोपू दिलं. उठल्यावर म्हणाले, "मस्त लागली हो." त्यानंतर त्यांची तक्रार आली नाही. हा काही विजय नव्हे, प्रश्न तिथंच आहे. फक्त ते आता मला रस्त्यात थांबवून ऊस, पाऊस आणि गुडघेदुखी यांवर बोलतात.

आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला 'अनुभव मांडा' म्हणून उभं केलं. जेवणानंतरचा तास, पंचवीस शिक्षक, पुऱ्या-भाजी पोटात. मी सांगितलं की विपश्यनेचे आचार्य गोयंका ज्यांच्याकडं शिकले ते ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते. १९५० च्या सुमारास त्यांनी आपल्याच कार्यालयात कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवायला सुरुवात केली, आणि हे सरकारी हिशेब खातं सांभाळून. यावर एकजण म्हणाले, "त्यांना ऑनलाइन माहिती नसंल भरावी लागत." टाळ्या पडल्या. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये हॅपिनेसचा रोजचा तास सुरू झाला आणि तो शांत बसण्यानंच सुरू व्हायचा, हे सांगितलं. दुसरे म्हणाले, "तो तास कुठल्या विषयातला कापला?" प्रश्न चांगला होता. मग आम्ही पाच मिनिटं बसलो. चौघं झोपले, दोघांनी फोन बघितला. पण मागच्या बाकावरच्या एक मॅडम नंतर जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, काल मी एका मुलीला फार बोलले. आत्ता बसले तर तीच समोर आली." एवढंच बोलल्या आणि खाली गेल्या.

२०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' आला. ताणतणाव, श्वसन, ध्यान, सगळं आता वेळापत्रकात आहे. शासनाला हे सुचलं याचं बरं वाटतं. फोटोंचं मात्र जड जातं. ध्यानाचा फोटो काढायचा म्हणजे कुणीतरी डोळे उघडे ठेवायला हवेत, आणि तो कुणीतरी मीच. पहिल्या शनिवारी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, अंगठे आले. दुसऱ्या शनिवारपासून सतरंजी, स्पीकर आणि चपलांची रांग यांचा फोटो टाकतो. अजून कुणी विचारलेलं नाही.

आणि ती. २०२३ च्या सप्टेंबरात, टोळ्या निघायच्या आधी, मी तिच्या आईबापाला गाठलं. म्हणालो, यंदा तिला उठवून, सांगून जा. बाप म्हणाला, "सर, तुम्हाला बोलायला काय होतंय. तिचं रडनं बघून माझा पाय निघंल का?" आई काहीच बोलली नाही. मीही जास्त ताणलं नाही, कारण खरंच, मला बोलायला काय होतंय.

त्यांनी तिला उठवलं. ती फाट्यापर्यंत ट्रॅक्टरमागं पळाली, चिखलात पडली, गाव गोळा झालं. दोन दिवस शाळेत आली नाही. मला आजीकडं तोंड दाखवायची हिंमत होईना. तिसऱ्या दिवशी आली, दाराकडं तोंड करून जागेवर बसली, आणि स्पीकर लावायच्या आधी मला म्हणाली, "सर, आईनं लई लांबपोतर हात केला."

आता ती पाचवीत आहे. डोळे अजून मिटत नाही, म्हणून दहा मिनिटांची घंटा तिच्याकडं दिली आहे. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचं आणि वेळ झाली की पितळी घंटी एकदा वाजवायची. फार चोख काम आहे तिचं, सेकंदकाटा बारावर आल्याशिवाय वाजवत नाही. यंदा टोळ्या निघाल्या त्या आठवड्यात एका सकाळी आम्ही बसलो आणि घंटा होईना. बराच वेळ गेला. पोरं चुळबुळायला लागली. मी डोळे उघडले. ती दारातून खालच्या रस्त्याकडं बघत होती. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढाला लागला होता. वर बोचकी, पत्रे, पाण्याचा ड्रम, बाजेला बांधलेली शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. तिच्या घरचे आदल्या दिवशीच गेले होते. हा दुसऱ्याच कुणाचा तरी होता. ट्रॅक्टर वळणाआड गेला, त्याचा आवाज गेला, तरी ती थोडं थांबली. मग तिनं घंटी वाजवली.

घड्याळात चौदा मिनिटं झाली होती. वहीत मी दहाच लिहिली.